हिरव्या सूर्याचं तीर्थ

आमच्या घरात एखादी गोष्ट कुणाला समजेनाशी झाली की मला बोलावतात, आणि मी दोन शब्द बोललो की ती आणखीच समजेनाशी होते. हा लौकिक मी फुकट मिळवलेला नाही. ऐन तिशीत, सोवळं नेसून, देवापुढच्या पाटावर बसून, हातात एक ओला हिरवा दगड धरून मी तो कमावला.

पन्नास सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही गिरगाव सोडून विलेपार्ल्याला पूर्वेकडे दोन खोल्यांच्या जागेत आलो. वडील गेलेले होते. घरात आई, मी आणि माझी बायको. मी फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होतो. आमच्याकडे देव म्हणजे पंचायतन. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, यात मूर्ती नसतात, पाच दगड असतात. विष्णूचा काळा शाळिग्राम, शंकराचा बाण, गणपतीचा तांबूस दगड, देवीचा सोनेरी ठिपक्यांचा, आणि सूर्याचा स्फटिक. जागा बदलताना सामान हातगाडीवरून आलं. त्यात डाळीचे डबे आले, फुटकी आरामखुर्ची आली, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा आली, पण सूर्य आला नाही. कुठे पडला कोण जाणे. आईने त्याच्या जागी सुपारी बसवली आणि त्या हातगाडीवाल्याला रोज पूजेच्या वेळी न चुकता चार शब्द ऐकवत राहिली. तो बिचारा कुठल्या कुठे असेल.

आदल्या वर्षी बायकोला दिवस राहिले होते, ते मूल राहिलं नाही. आई तिला काही बोलली नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. तिने सगळा दोष सुपारीवर ढकलला. "सूर्याच्या जागी सुपारी बसवल्यावर दुसरं काय होणार," असं म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. माझी बायको मात्र सुपारीवर विश्वास ठेवणारी नव्हती. दोष कुठे ठेवावा हेच तिला समजत नव्हतं, त्यामुळे तिने तो स्वतःजवळच ठेवून घेतला होता.

अशात मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ बिहारात एका तांब्याच्या खाणीवर स्टोअरकीपर होता. वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचा, चार दिवस राहायचा आणि खाणीतल्या गोष्टी सांगून आम्हाला पिडायचा. त्या खेपेला त्याने ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला एक दगड काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घे रे, तुला. असला एखादाच निघतो."

करड्या, ओबडधोबड दगडाच्या एका अंगाला हिरव्या चौकोनी पापुद्र्यांची दाटी होती. पत्त्यांचा कॅट कुणीतरी उभा-आडवा खोचून ठेवावा तसे ते पापुद्रे. अभ्रकासारखे पातळ, पण रंग नव्या चुड्यातल्या काचेचा, आणि तितकेच आरपार. आकाराच्या मानाने हाताला जरा जड. मी "वा" म्हणणार इतक्यात आईने तो माझ्या हातातून उचलला, खिडकीपाशी नेला आणि उन्हात धरला. उन्हाने त्या पापुद्र्यांतून आत शिरून आईच्या पांढऱ्या पदरावर हिरवा ठिपका पाडला.

"आला," आई म्हणाली.

"कोण आला, ताई?" मामाने दाराकडे पाहिलं.

"सूर्य."

मामा माझ्याकडे पाहून डोळ्यांनी काहीतरी सांगू लागला. मला वाटलं त्याला भूक लागली आहे. मी आत जाऊन पाटपाणी घेतलं का ते विचारून आलो.

"अगं, सूर्य हिरवा असतो का?" मी आईला म्हटलं.

"तू उगवताना पाहिलायस कधी? आंघोळ करतोस तेव्हा तो डोक्यावर आलेला असतो."

सुपारी उठली, हिरवा दगड बसला. आणि त्याच महिन्यात बायकोला पुन्हा दिवस राहिल्याचं कळलं. यानंतर त्या दगडाला घरातून हलवणं म्हणजे पायाचा चिरा काढण्यापैकीच होतं.

पूजा माझ्या हातची, देखरेख आईची. आईने ठरवलं की बाळंतपण सुखरूप होईपर्यंत देवांना रोज पंचामृताने आंघोळ. मी तांब्याच्या ताम्हणात देव घ्यायचो, दूध, दही, तूप, मध, साखर घालायचो, आणि माझा मंत्र जरा अडखळला की आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ओरडायची, "आटप, आटप! कळकेल ते!" तांब्याच्या भांड्यात दही राहिलं की कळकतं, हिरवट होतं, पोटात गेलं तर उलट्या होतात, हे तिच्या हाडीमांशी भिनलेलं होतं. मी आटपायचो, ऑफिसला पळायचो. मग आई ते तीर्थ चांदीच्या भांड्यात काढून सुनेला द्यायची, आणि दिवस राहिलेत म्हणून इतरांपेक्षा जास्त द्यायची.

बाकीचे चार देव पिढ्यान्‌पिढ्या घासून-पुसून तसेच होते. हा नवा देव मात्र नाजूक निघाला. अंगठ्याने जरा चोळलं की बारीक चकत्या सुटायच्या आणि पंचामृतात हिरव्या टिकल्यांसारख्या तरंगायच्या. काही माझ्या नखात बसायच्या. ऑफिसात हेडक्लार्कने एकदा माझा अंगठा पाहून विचारलं, "घराला ऑइलपेंट काढलाय वाटतं?" मी म्हटलं, "नाही, सूर्य धुतला." त्याने नंतर बरेच दिवस मला महत्त्वाचे कागद दिले नाहीत.

"झिजतोय गं तो," मी आईला सांगितलं.

"आपल्यासाठी झिजतोय," ती म्हणाली आणि तिने हात जोडले.

आता या गोष्टीत वरच्या मजल्यावरचा माझा मित्र येतो. तो इथल्या कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवणारा, होता. ब्रह्मचारी, खानावळीत जेवणारा. आई त्याला प्रोफेसर म्हणायची, आणि त्याने तिची चूक कधी दुरुस्त केली नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला तो खाली आला, देवांपुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला. आईला त्याच्या भक्तीचं फार कौतुक वाटलं.

"काकू, हा देव कुठून आणलात?" त्याने वाकूनच विचारलं.

"माझ्या भावाने आणला. बिहारातून. खाणीतला आहे."

तो उठला, शिऱ्याची दुसरी मूद मागून घेतली आणि मला गॅलरीत ओढून नेलं.

"अरे, हे टॉर्बर्नाइट असावं."

"कोण?"

"दगड रे! तांबं आणि युरेनियम दोन्ही असतं त्यात. फार दुर्मिळ. किरणं निघतात त्यातून. युरेनियम म्हणजे..."

"बाँब?"

"बाँब नव्हे. म्हणजे, तेच. पण बाँब नव्हे."

"तुझी खात्री आहे?"

"अजिबात नाही. मी फक्त पुस्तकातलं चित्र पाहिलंय. तेही काळं-पांढरं."

त्या काळात अणू हा शब्द ऐकला की आम्हाला काय वाटावं हेच ठरत नव्हतं. पेपरात एका बाजूला पॅसिफिकमधल्या चाचण्यांची आणि जपानी कोळ्यांच्या अंगावर पडलेल्या राखेची बातमी असायची, आणि त्याच पानावर खाली आपल्या तुर्भ्याला अणूचं मोठं काम सुरू होत असल्याची. वरची बातमी वाचून अंगावर काटा यायचा, खालची वाचून छाती फुगायची. आता तोच अणू माझ्या बायकोच्या पोटात पळीपळीने जात होता, आणि काटा आणावा की छाती फुगवावी हे सांगणारा कुणी नव्हता.

मी ठरवलं, आपण शास्त्रीय पद्धतीने जायचं. रेडियमचं घड्याळ अंधारात चमकतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. तेव्हा चमकला तर धोका, नाही चमकला तर नाही. आई कीर्तनाला गेली असताना रविवारी दुपारी मी आणि डेमॉन्स्ट्रेटर दगड घेऊन गोधडीखाली शिरलो. बायको बाहेर बसून गोधडीच्या कडा दाबत होती.

"काही दिसतंय का हो?" तिने विचारलं.

"काळोख," मी म्हटलं.

"माझ्या नाकात कुणाचं तरी कोपर आहे," डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला.

घामाघूम होऊन बाहेर आलो. दगड चमकला नव्हता. मी इतका खूश झालो की कोपऱ्यावरून जिलबी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी डेमॉन्स्ट्रेटर कॉलेजच्या लायब्ररीतून परतला तो तोंड पाडून.

"अरे, न चमकणं हेच याचं लक्षण आहे."

"म्हणजे?"

"घड्याळाचं सोड, त्यात चमकणारी पूड मुद्दाम घातलेली असते. नुसत्या अंधारात यांतलं कुणीच चमकत नाही. याची जी भावंडं आहेत, युरेनियमचेच दगड पण तांबं नसलेले, ती एका खास जांभळ्या दिव्याखाली लखलखतात. हा तिथेही नाही चमकत. तांबं ती चमक दाबून टाकतं म्हणे."

"म्हणजे चमकला तरी धोका, न चमकला तरी धोका?"

"तसंच काहीसं."

"मग माझा शाळिग्राम? तोही चमकत नाही."

तो विचारात पडला. त्या विचारातून तो बाहेर आलेला मला आठवत नाही.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. रेडियम म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! कॅन्सरवर तेच देतात. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात रेडियम आहे म्हणतात, माझे संधिवाताचे पेशंट तिथे जाऊन बसतात, हसत परत येतात."

"पण पोटातून घेतलं तर?"

"पोटातून कशाला?"

"तीर्थ म्हणून."

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "तीर्थाला मी नाही म्हणणार नाही. पळीभराने काय होतंय?" मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून हाक आली. "पण सूनबाईंना नका देऊ."

"का हो?"

"माहीत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आईला मी किरणांबद्दल सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला दिसली?" मी म्हटलं, दिसत नाहीत. "आवाज येतो?" नाही. "वास?" नाही. "मग देवाचं आणखी काय वेगळं असतं?"

शेवटी डेमॉन्स्ट्रेटरने तोडगा काढला. फोटोची काच काळ्या कागदात गच्च गुंडाळायची, वर दगड ठेवायचा. किरणं असली तर ती कागदातून पार होऊन काचेवर उमटतील. पण देव घराबाहेर पाठवायला आई तयार नव्हती, त्याचा नैवेद्य चुकेल म्हणून. मग काचच देवाकडे आली. काळ्या पुडक्यावर आईने लाल कापड घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि त्या आसनावर सूर्याला बसवलं. काही दिवस मी त्याला उचलून आंघोळ घालत होतो, कोरडा करत होतो आणि पुन्हा आसनावर ठेवत होतो. मग डेमॉन्स्ट्रेटर पुडकं घेऊन गेला, काच धुतली आणि तिच्यावरून कागदावर फोटो छापून आणला.

काळ्याभोर कागदावर मधोमध पांढरा उजेड सांडला होता, आणि त्याच्या कडेला पापुद्र्यांचे चौकोन ओळखू येत होते. किरणं होती. भरपूर होती. आम्ही दोघे तो पुरावा घेऊन आईपुढे उभे राहिलो.

आईने फोटो हातात घेतला. किती तरी वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"दर्शन दिलं," ती म्हणाली. "दिवा नाही, वात नाही, काळ्या कागदात कोंडलेला, तरी उजेड पडला. प्रोफेसर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"काकू, अहो, हा पुरावा..."

"पुरावाच तर!"

संध्याकाळपर्यंत फोटो चौकटीत बसून देव्हाऱ्याशेजारी लागला. दोन दिवसांत शेजारच्या बायका वाट्या घेऊन तीर्थाला येऊ लागल्या. एक बाई तर नवऱ्याच्या दम्यासाठी मरोळहून चालत आल्या. आणि सुनेच्या वाट्याचं तीर्थ वाढलं ते वाढलंच. शास्त्रीय पद्धतीने जाऊन मी इथवर पोचलो होतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी हळूच म्हटलं, "तू टाकून का देत नाहीस? तुळशीत ओत."

"आईंसमोर? हातावर घेतलेलं तीर्थ मी तुळशीत ओतू?"

"मग घेतल्यासारखं कर, पदरात सोड."

"तुम्ही करून बघा एकदा." तिने माझ्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आणि समजा, नाही घेतलं. मागच्या वेळी हे तीर्थ नव्हतंच. तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता घेत असताना सोडलं आणि पुन्हा तसंच झालं, तर?"

"पण घेतलं आणि झालं तर?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "मला दोन्हीकडून भीती वाटते. तुमचे मित्र काहीतरी सांगतात, डॉक्टर काहीतरी सांगतात, तुम्ही दोघांचं एकत्र करून तिसरंच सांगता. मला कुणीतरी एकच सांगा ना."

मी दोरीवरचा शेवटचा पंचा काढून तिच्या हातात दिला. तिने कपडे उचलले आणि आत गेली. मला आजवर पुष्कळ लोकांनी मूर्ख म्हटलं आहे, पण न म्हणता इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज सकाळी पूजेच्या वेळी माझ्यामागे येऊन बसू लागली. नुसती माझे हात बघायची, ताम्हणात सुटणाऱ्या चकत्या बघायची, आणि आईची उंबऱ्यावरची आरोळी ऐकायची. एकदा तिने डेमॉन्स्ट्रेटरला जिन्यात गाठून विचारलं, "भावजी, त्या दगडाला हिरवा रंग कशाचा हो?"

"तांब्याचा, वहिनी. युरेनियमचे बाकीचे दगड पिवळे असतात. हिरवेपणा तांब्याचाच."

"आणि आंबटात विरघळतो तो?"

"थोडाफार विरघळणारच. का?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी मंत्रात अडखळलो आणि आई ओरडली, "आटप! कळकेल!"

"आई," बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "ताम्हणाला आपण रोज चिंच लावतो, म्हणून बरं. पण या देवाच्या अंगातल्या तांब्याचं काय करायचं?"

"कसलं तांबं?"

"तांब्याच्या खाणीतला दगड आहे ना तो. तांब्यानेच हिरवा आहे. आणि आपण त्याला रोज दह्यात घालतोय."

आई उंबऱ्यावरून पुढे आली. ताम्हणात वाकून पाहिलं. दह्यावर हिरव्या टिकल्या तरंगत होत्या, आणि दगडाभोवती दही किंचित हिरवट झालं होतं. असला हिरवा रंग तिने उभ्या जन्मात शेकडो वेळा पाहिला होता, कल्हई उडालेल्या पातेल्यांच्या तळाशी.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा कळंक आहे!"

मी पंचामृताचा हात तसाच वर धरून बसलो होतो.

"आणि हे मी या पोरीला पाजतेय?" आईचा आवाज चढला. मग ती माझ्याकडे वळली. "तू महिनाभर युरेनियम-युरेनियम करत माझं डोकं खाल्लंस. त्यात तांबं आहे, एवढं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"सांगितलं होतं गं. तांबं आणि यु..."

"तू यु वरच अडकून बसलास!"

आणि खरोखर, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून आम्हा सगळ्यांपुढे होती. तांब्याच्या खाणीतून आलेला दगड तांब्याचा असणार, यासाठी कॉलेज, लायब्ररी, डॉक्टर आणि फोटो यांतलं काहीच लागत नव्हतं. त्या दिवसाचं सगळं पंचामृत आईने स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं. तीर्थ मोरीत ओतताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. शेजारच्या बायकांना तिने निरोप पाठवला की देव सध्या तीर्थ देत नाही.

पण देवाचं काय करायचं? आईने खूप विचार केला आणि मला म्हणाली, "कल्हईवाला येतो ना गल्लीत? त्याला विचार, देवाला कल्हई करतो का."

यावर हसावं असं मला त्या वेळी वाटलं नाही, इतका मी गोंधळलो होतो. मला ते पटलंच. पातेल्याला चालतं ते देवाला का चालू नये? मी खाली जाऊन कल्हईवाल्याला थांबवलं. त्याने भाता लावला, निखारे फुलवले, कथलाची कांडी काढली. "दिखाव क्या है," म्हणाला. मी खिशातून सूर्य काढणार तोच वरच्या गॅलरीतून डेमॉन्स्ट्रेटरने खालची गंमत पाहिली आणि तो एका पायात चप्पल घालून जिना उतरत आला.

"तापवायचा नाही! वाट लागेल! त्याच्यात पाणी असतं, पापुद्र्यांच्या मधे, ते उडून जाईल. आणि आणखी काय काय उडेल मला माहीत नाही!"

कल्हईवाल्याने आम्हा दोघांकडे पाहिलं, निखाऱ्यावर पाणी मारलं आणि निघून गेला. त्यानंतर तो आमच्या दाराशी कधी थांबला नाही. पातेल्यांसाठी आम्हाला पार अंधेरीपर्यंत जावं लागायचं.

"पाणी असतं त्यात?" आईने वरून विचारलं.

"हो काकू."

"मग त्याला आणखी आंघोळ कशाला घालायची?"

प्रश्न मिटला. त्या दिवसापासून सूर्याची कोरडी पूजा सुरू झाली. इतर चार देवांना आंघोळ, याला नुसतं फूल आणि अक्षता, तेही लांबून. तीर्थ चौघांचं. बायकोने ते पहिल्या सकाळी हातावर घेतलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

डेमॉन्स्ट्रेटरचं समाधान अर्थात झालं नाही. दगडातून एक वायूही निघतो, खिडकी उघडी ठेवा, असं त्याचं म्हणणं. खिडकी उघडली की समई विझते, असं आईचं म्हणणं. मी दिवसा खिडकी उघडायचो आणि आई संध्याकाळी लावायची. यातून वायू घरात राहिला की बाहेर गेला हे मला आजही सांगता येणार नाही.

समईच्या उबेशेजारी, आंघोळ बंद झालेला तो देव हळूहळू बदलला. आधी काचेसारखा आरपार होता, तो धुरकट झाला. हिरवा फिकटला, चमक गेली, पापुद्रे ठिसूळ झाले. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, आतलं पाणी उडालं, आता तो दुसराच दगड झाला, त्याला पुस्तकात नावही वेगळं आहे. पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा व्हायचा नाही. आईला ते पटलं. देव निघून गेला आणि घर राहिलं, असं ती म्हणाली.

दिवाळीला मामा आला तेव्हा आईने तो दगड पत्र्याच्या डब्यात घालून, वर नारळ ठेवून, त्याच्या हवाली केला. "जिथला आहे तिथे पोचव. मुलीची पाठवणी करतात तसा नीट ने."

मामाने डबा उघडून पाहिला. "अगं ताई, हा मी भाच्याला पेपरवेट म्हणून आणला होता! त्याच्या टेबलासाठी."

"त्याला टेबल कुठे आहे?" आई म्हणाली.

खरंच नव्हतं.

बायकोची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. ते शेवटचे महिने आम्ही तिघांनी एकमेकांशी फार जपून घालवले. बायको पायऱ्या उतरताना थांबली की मी थांबायचो, मी थांबलो की आई स्वयंपाकघरातून "काय झालं?" विचारायची. जे पोटात गेलं होतं ते गेलंच होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. फक्त डेमॉन्स्ट्रेटर अधूनमधून खाली येऊन "सगळं ठीक ना?" विचारायचा, आणि आम्ही ठीक म्हटलं की त्याचा चेहरा जास्तच काळजीत पडायचा.

मुलगी झाली. पार्ल्यातल्याच प्रसूतिगृहात, भर दुपारी. चांगली सुदृढ, रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाईल अशी. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं का?" त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं हे मला आठवेना, म्हणून मी मान डोलावली. तीर्थाने तारलं, की तीर्थ थांबवल्याने तरली, की तीर्थाचा काहीच संबंध नव्हता? डेमॉन्स्ट्रेटरला विचारलं तर म्हणाला, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. दुसरं उदाहरण करून पाहण्याची आमची कुणाची तयारी नव्हती.

आई घरून सहाण घेऊन आली होती. बाळाला पहिल्यांदा मधात सोनं उगाळून चाटवायचं असतं. तिने खाटेशेजारी बसून सहाणेवर मध घातला, अंगठीचं सोनं घासायला सुरुवात केली. बायको उशीवरून त्या दगडाकडे बघत होती. तिचा हात बाळाच्या दुपट्यावर घट्ट झाला आणि बाळ थोडंसं तिच्या बाजूला सरकलं.

आईने ते पाहिलं. तिने घासणं थांबवलं.

मला वाटलं आता काहीतरी होणार. मी मधे पडण्यासाठी तोंड उघडलं, आणि सुदैवाने मला काय म्हणायचं ते सुचलं नाही.

आईने सहाणेवरचा मध बोटावर घेतला, स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि गिळला. मग सहाण मांडीवर घेऊन, हात जुळवून, भिंतीकडे बघत बसून राहिली. बाहेर आया बादल्या आपटत होत्या. बऱ्याच वेळाने बायकोनेच दुपट्याची गाठ सैल केली.

"आई," ती म्हणाली, "द्या आता तिला."

आईने दुसऱ्या बोटाने थेंबभर मध घेतला आणि नातीच्या ओठाला लावला.